त्र्यंबकला पहिल्यांदा येताय? दोन दिवस हाताशी ठेवा

"रविवारी सकाळी निघू, दर्शन करू, दुपारच्या जेवणाला नाशिकला परत." बाहेरगावचे नातेवाईक फोनवर हे वाक्य म्हणतात तेव्हा मी त्यांना आधी थांबवते. आठ वर्षांपूर्वी सासूबाईंना घेऊन मी स्वतः असंच केलं होतं. दिवसही असा निवडला की श्रावणातला सोमवार. साडेचार तास रांगेत गेले. पाण्याची बाटली गाडीत राहिली, आणि गाडी गावाबाहेर दीड किलोमीटरवर. शेवटी देवासमोर अर्धा मिनिट मिळाला. सासूबाई आत डोकावून म्हणाल्या, "अगं, पिंडी कुठाय?" मला उत्तर माहीत नव्हतं आणि मागून लोक पुढे ढकलत होते. समोर ब्रह्मगिरी ढगात बुडालेला दिसत होता, पण त्याच्याकडे बघायला कुणालाच त्राण उरलं नव्हतं.

त्यानंतर मी त्र्यंबकला पुष्कळदा गेले. सासूबाईंना घेऊन, मुलांना घेऊन, एकटीही. आता ठामपणे सांगते: त्र्यंबक हे डोंगरातलं गाव आहे आणि डोंगरावर गेल्याशिवाय ते कळत नाही. गोदावरी वर उगवते, मधे गंगाद्वारी दिसते, खाली कुशावर्तात येते, आणि देऊळ त्या पाण्याच्या पायथ्याशी उभं आहे. एका बाजूला अंजनेरी गडाचं संवर्धन राखीव क्षेत्र, दुसऱ्या बाजूला हरिहर आणि भास्करगड हे किल्ले, वैतरणा नदीचं खोरं. हे सगळं अर्ध्या दिवसात मावत नाही. एक मुक्काम करा. तो कसा करायचा ते पुढे क्रमाने लिहिलं आहे.

## १. आधी वार आणि तिथी बघा

सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो. शनिवार, रविवार आणि सोमवार टाळा. मंगळवार ते गुरुवार गाव तुमचं असतं. जोडून सुट्ट्या आल्या की वार कुठलाही असो, गर्दी होतेच.

श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र नवख्यांसाठी नाहीत. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. लाखो लोक रात्रीपासून अनवाणी डोंगराला प्रदक्षिणा घालतात. लहान फेरी साधारण वीस किलोमीटरची, मोठी त्याच्या दुपटीची. ती करायची असेल तर फेरीसाठी म्हणूनच या, दर्शनाची आशा त्या दिवशी ठेवू नका. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. गावोगावच्या दिंड्या येतात, सगळं गाव टाळ-मृदंगाने भरून जातं. मला ती यात्रा फार आवडते, पण त्या दिवशी खोली मिळणं कठीण.

ऋतूचं म्हणाल तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य हा माझा आवडता काळ. पाऊस ओसरलेला, धबधबे अजून वाहते, पठारांवर फुलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला सगळ्यात सोपा, आकाशही स्वच्छ. जुलैत डोंगर दिवसचे दिवस ढगात असतो. वर गेलात तरी दहा फुटांपलीकडे काही दिसणार नाही, आणि पायऱ्या शेवाळतात. एप्रिल-मे मध्ये जायचंच असेल तर सकाळी दहाच्या आत खाली या.

आणखी एक. २०२६ ते २०२८ हा सिंहस्थाचा काळ आहे. बारा वर्षांनी येणाऱ्या या कुंभात शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात स्नान करतात आणि वैष्णव नाशिकला रामकुंडावर. पर्वणीच्या आगेमागे वाहनं गावापासून बरीच दूर अडवतात. त्या तारखा बघितल्याशिवाय बेत आखू नका.

## २. पिशवीत काय हवं

कागदपत्रं फारशी लागत नाहीत, पण जी लागतात ती मूळ प्रत घ्या:

- प्रत्येकाचं आधार कार्ड. मुक्कामाच्या खोलीसाठी लागतंच. एसटीत ६५ वर्षांवरील ज्येष्ठांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरील व्यक्तींना मोफत प्रवास आहे, त्यासाठीही वयाचा पुरावा दाखवावा लागतो. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहेच.
- पूजा करणार असाल तर गोत्र, आणि श्राद्धकर्म असेल तर मागच्या तीन पिढ्यांची नावं एका कागदावर लिहून. ऐनवेळी आत्याला फोन लावणारी मंडळी मी दर वेळी बघते.
- रोख पैसे, सुटे. डोंगरावर मोबाइलला रेंज येते-जाते, त्यामुळे काकडीवाल्या मावशींना ऑनलाइन पैसे देता येतीलच असं नाही.

डोंगरासाठी पकड असलेले बूट, माणशी दोन लिटर पाणी, रेनकोट, एक काठी आणि चेन असलेली पाठीवरची पिशवी. छत्री नको. ब्रह्मगिरीच्या माथ्यावरचा वारा ती उलटी करतो आणि ती सांभाळण्याच्या नादात पाय घसरतो. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या पिशवीत न ठेवता खिशात ठेवा. का, ते सातव्या टप्प्यात येईल.

## ३. नाशिकहून पोचायचं कसं

अंतर तीस किलोमीटरच्या आत आहे, एसटीने साधारण तास लागतो. रेल्वेने येत असाल तर नाशिकरोडला उतरा. तिथून आधी शहरात यावं लागतं, कारण स्टेशन गावापासून लांब आहे. नवख्यांची गल्लत इथेच होते. नकाशावर "नाशिक" बघून वेळ काढतात आणि स्टेशनपासूनचा पाऊणएक तास धरतच नाहीत.

एसटी सीबीएस, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या भागातून सुटते. कुठल्या स्थानकातून ते रिक्षात बसायच्या आधी चौकशीला विचारून घ्या, कारण सीबीएसच्या आसपास एकाहून जास्त स्थानकं आहेत. महापालिकेची सिटीलिंक बसही त्र्यंबकपर्यंत जाते, पण एसटीच्या सवलती तिला लागू नाहीत. ही गोष्ट कंडक्टरशी वाद घालण्याआधी लक्षात असू द्या.

स्वतःची गाडी असेल तर सातपूर सोडल्यावर महिरावणी, तळेगाव, अंजनेरी, पेगलवाडी असा सरळ रस्ता आहे. मुंबईकरांनी नाशिकला वळसा घालायची गरज नाही. घोटीहून पहिन्यामार्गे थेट त्र्यंबकला निघता येतं, आणि पावसाळ्यात तो रस्ता बघण्यासारखा असतो. मात्र पावसाळी शनिवार-रविवारी पहिन्यात गाड्यांची एवढी दाटी होते की तासभर जागचं हलता येत नाही. पोलिस कधी रस्ता बंदही करतात.

## ४. गावात शिरताना: "पूजा करायची आहे का?"

हा टप्पा नीट वाचा. सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो.

बाहेरच्या पासिंगची गाडी दिसली की वेशीजवळ कुणीतरी हात करतं. आधी पार्किंग दाखवतो म्हणतात, मग दर्शन लवकर करून देतो, मग पत्रिकेत दोष आहे का ते बघू. माझ्या चुलत नणंदेच्या घरी लग्नाचं जमत नव्हतं. ती माणसं अशाच एकाच्या मागे गेली. ठरलेल्या पैशांत सामान धरलेलं नव्हतं, दक्षिणा वेगळी, भोजन वेगळं. शेवटी आकडा अडीचपट झाला. पैशापेक्षा तिला जास्त लागलं ते हे, की श्रद्धेने आलो आणि फसवल्यासारखं वाटून परत गेलो.

तेव्हा असं करा. पूजा करायची नसेल तर काच खाली न करता पुढे जा आणि गाडी फक्त पावती देणाऱ्या वाहनतळावरच लावा. पूजा करायची असेल तर घरून निघण्याआधीच ठरवा. त्र्यंबकला पिढ्यान् पिढ्या पौरोहित्य करणारी घराणी आहेत. अधिकार असलेल्या गुरुजींच्या घरी पेशवेकाळापासूनचे ताम्रपट आहेत. पुरोहित संघाकडे चौकशी केली की योग्य माणसाशी गाठ पडते. फोनवर चार गोष्टी स्पष्ट विचारा: एकूण किती पैसे, त्यात सामान आणि भोजन आहे का, किती दिवस लागतील, कपडे कोणते हवेत. कालसर्प शांती काही तासांत होते. त्रिपिंडी श्राद्धाला एक दिवस धरा. नारायण नागबलीला तीन दिवस लागतात आणि त्या काळात गावातच राहावं लागतं. दोन दिवसांच्या सुट्टीत नारायण नागबली उरकून देतो असं कुणी म्हणालं, तर तो माणूस तुमच्या कामाचा नाही.

पूजा केलीच पाहिजे असं काही नाही. नुसतं दर्शन घेऊन, डोंगर चढून परत जाणारे हजारो भाविक असतात.

## ५. पहिल्या दिवसाची संध्याकाळ: कुशावर्त आणि निवृत्तिनाथ

दुपारी पोचून खोली घेतलीत की जरा पडा. उन्हं उतरली की कुशावर्ताकडे चालत निघा. गाव लहान आहे, गाडी काढू नका.

कथा अशी सांगतात की गोहत्येचं पाप धुवायला गौतम ऋषींनी तप करून गंगा ब्रह्मगिरीवर आणली, पण ती थांबेना. इथे दिसायची, तिथे गुप्त व्हायची. शेवटी ऋषींनी कुश म्हणजे दर्भ टाकून तिला अडवलं, ते हे कुशावर्त. चौकोनी दगडी कुंड, चहूबाजूंनी ओवऱ्या. ओवऱ्यांमधलं कोरीवकाम पाहायला संध्याकाळचा तिरपा उजेड चांगला. पायऱ्या निसरड्या आहेत, वयस्कर माणसाचा हात धरूनच खाली उतरवा. स्नान करा, पण साबण, शॅम्पू, निर्माल्याच्या प्लास्टिक पिशव्या पाण्यात जाऊ देऊ नका. हे पाणी पुढे कुठे जातं त्याचा जरा विचार करा: नाशिक, पैठण, नांदेड, मग तेलंगण, आंध्र, आणि १,४६५ किलोमीटरनंतर समुद्र.

तिथून निवृत्तिनाथांच्या समाधीकडे जा. ज्योतिर्लिंगाच्या घाईत बाहेरची माणसं इथे येतच नाहीत, याचं मला वाईट वाटतं. ज्ञानेश्वरांचे हे थोरले बंधू आणि गुरू. वारकरी परंपरा सांगते की विठ्ठलपंत मुलांना घेऊन ब्रह्मगिरीची फेरी करत असताना वाघ समोर आला, सगळे पांगले, आणि लहानगा निवृत्ती एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ बसले होते. त्यांनी दिलेला उपदेश निवृत्तींनी ज्ञानदेवांना दिला. १२९७ मध्ये, धाकटी भावंडं गेल्यावर, निवृत्तिनाथांनी इथेच समाधी घेतली. तुम्ही सकाळी जो डोंगर चढणार आहात तो या कथेतलाच ब्रह्मगिरी.

रात्री हलकं जेवा आणि नऊला झोपा.

## ६. पहाटेचं दर्शन

देऊळ साडेपाचला उघडतं. तुम्ही पाचला रांगेत हवेत. आडवारी या वेळेला आलात तर तासा-दीड तासात बाहेर पडता येतं. दोनशे रुपयांचं देणगी दर्शनही आहे. दिवसा उशिरा गेलात किंवा सोबत गुडघेदुखीचं माणूस असेल तर ते घ्या, फक्त अधिकृत खिडकीवरूनच. "माझ्याकडे पास आहे" म्हणणाऱ्या माणसाकडून कधीच नाही. मोबाइल आणि कॅमेरा आत चालत नाही, खोलीतच ठेवून जा. चपला फुलवाल्याकडे सोडल्या की हार घ्यावा लागतो, तेव्हा भाव आधी विचारा.

आत गेल्यावर आमच्या सासूबाईंसारखं गोंधळू नका. इथे नेहमीसारखी वर आलेली पिंडी नाही. शाळुंकेच्या जागी खळगा आहे आणि त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची. म्हणून हे त्र्यंबक. तुम्ही गाभाऱ्याबाहेरून बघणार, त्यामुळे खळगा सरळ दिसत नाही. वर आरसा लावलेला आहे, त्यात नजर लावा. पुष्कळदा चांदीचा मुखवटा चढवलेला असतो, तेव्हा लिंगं दिसणार नाहीत. हे आधी माहीत असलं की मिळालेला क्षण शोधण्यात जात नाही, हात जोडण्यात जातो.

बाहेर आल्यावर लगेच पळू नका, एक प्रदक्षिणा सावकाश घाला. काळ्या पाषाणाचं हे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधायला घेतलं. ते १७६१ मध्ये गेले, आणि काम पुरं झालं १७८६ मध्ये. एकतीस वर्षं छिन्नी चालली आहे या दगडावर. उजाडताना शिखराचा वरचा भाग आधी उजळतो आणि त्याच्या मागे ब्रह्मगिरीचा कडा. हे दृश्य रांगेतल्या गर्दीत अकरा वाजता मिळत नाही.

## ७. ब्रह्मगिरी

नाश्ता करून सातपर्यंत चढायला लागा. साबुदाण्याची खिचडी किंवा पोहे, तेलकट काही नको. एकूण चढायला दोन ते अडीच तास, उतरायला दीड तास, वर तासभर. म्हणजे दुपारी एकपर्यंत तुम्ही खाली असता.

सुरुवातीची वाट पायऱ्यांची आणि झाडीतली आहे. मधे एक फाटा गंगाद्वाराकडे जातो. सोबत वडीलधारी माणसं असतील तर त्यांना इथपर्यंतच न्या, हे पुरेसं आहे. गोमुखातून येणारी गंगा, जवळच कातळात कोरलेली शिवलिंगांची ओळ, नाथपंथीयांची गुहा, आणि खाली अख्खं त्र्यंबक पत्र्याच्या-कौलांच्या छपरांसकट. दुसऱ्या खेपेला सासूबाई इथेच एका दगडावर बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही जा वर. मी इथून बघते." त्यांचा तो दिवस फार चांगला गेला.

वर जाणाऱ्यांसाठी खरी मजा पुढे आहे. कड्याच्या पोटात कातळ फोडून पायऱ्या काढल्या आहेत. दोन्ही बाजूंना उभा दगड, वर आभाळाची पट्टी. सप्टेंबरात या घळीत पायऱ्यांवरून बोटभर पाणी उतरत असतं. हात दगडावर ठेवला की थंडगार लागतो आणि थरांच्या फटींतून पाणी झिरपताना बोटांना कळतं. हा सगळा लाव्ह्याचा दगड, थरावर थर. पठारावर पडलेला पाऊस गवताच्या मुळांतून, भेगांतून मुरतो आणि खालच्या थराच्या कडेने बाहेर येतो. गोदावरी "उगवते" ती अशी. म्हणून या डोंगरावर सुरुंग किंवा जेसीबी लावायची नुसती भाषा झाली तरी नाशिकची माणसं अस्वस्थ होतात. वरचा दगड हलला तर खालचा झरा आटेल, ही भीती खरी आहे.

दरवाज्यापाशी थांबून चौकट नीट बघा. हा त्र्यंबकगड आहे. १६७० मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो स्वराज्यात आणला, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतला. देवाचा म्हणून प्रसिद्ध असलेला नस्साक हिराही त्याच वर्षी मराठ्यांच्या हातून गेला आणि परत आला नाही.

आता माकडं. त्या घळीच्या अलीकडे काकडी विकणाऱ्या एक मावशी बसतात. काकडी उभी चिरून, तिखट-मीठ लावून देतात. त्यांनी मला सांगितलं होतं, "ताई, पिशवी पाठीला नको, पोटाशी धरा. वाटच बघून बसल्यात ती." मी हसून पुढे गेले. वीस पावलांवर मागून ओढ बसली, पिशवीचं तोंड उघडं होतं, आणि डब्यासकट आतली पुडी घेऊन माकड कातळावर. त्या पुडीत सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. गावात येऊन औषधाचं दुकान शोधेपर्यंत जीव टांगणीला लागला होता. तेव्हा चेन लावलेली पिशवी पुढे घ्या, हातात खाणं धरू नका, गॉगल आणि टोपी आत ठेवा. आणि त्यांना खायला घालू नका. आज तुम्ही दिलेल्या बिस्किटाची वसुली ती उद्याच्या माणसाकडून करतात.

माथ्यावर दोन ठिकाणं आहेत: गोदावरीचं उगमस्थान आणि जटा मंदिर. जटा मंदिरात शंकराने जटा आपटल्याच्या आणि गुडघे टेकल्याच्या खुणा दगडावर दाखवतात. दर्शन झालं की पठारावर जरा पश्चिमेकडे चाला. आकाश मोकळं असेल तर हरिहरचा उभा कातळ आणि पलीकडे वैतरणेचं खोरं दिसतं. मुलांना मी इथे थांबवून एक गोष्ट सांगते. गोदावरी पूर्वेला निघते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा याच डोंगररांगेत उगवते, पण पश्चिमेला वळून अरबी समुद्रात जाते. काही पावलांच्या अंतरावर पडलेले पावसाचे दोन थेंब दोन समुद्रांना जातात.

मागच्या बाजूला दुर्गभांडार नावाची सुटी टेकडी दिसेल. तिथे जायला अरुंद कातळाची चिंचोळी भिंत आहे, दोन्हीकडे दरी. पहिल्या खेपेला जाऊ नका. पावसात तर अनुभवी माणसांनीही नाही.

## ८. दुसऱ्या दिवशीची दुपार की तिसऱ्या दिवशीची सकाळ: अंजनेरी

पाय चांगले असतील तरी ब्रह्मगिरी आणि अंजनेरी एकाच दिवशी करू नका. एक रात्र वाढवा किंवा अंजनेरी पुढच्या खेपेला ठेवा. दुपारी परतताना अंजनेरी गावात थांबून पायथ्याची पडकी जैन आणि हिंदू मंदिरं मात्र जरूर बघा. अकराव्या-बाराव्या शतकातली ही कामं, काही शेतांच्या कडेला तशीच उभी आहेत. इथल्या एका शिलालेखावर शके १०६३, म्हणजे इ. स. ११४१ आहे, आणि त्यात यादव राजा सेऊणचंद्राचं नाव येतं. आज गाडीतून वीस सेकंदांत मागे पडणारं हे गाव त्या काळी भरभराटीचं नगर होतं. रस्त्यालगतच नाण्यांचं संशोधन करणारी संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. मुलं बरोबर असतील तर तास सहज जातो.

गड चढायचा असेल तर सकाळी. गावातून वर वनविभागाच्या नाक्यापर्यंत गाडी जाते. तिथे शुल्क भरा आणि पावती जपून ठेवा. पुढे घळीतून पायऱ्या, वाटेत कोरीव लेणं, मग पहिलं पठार. तिथे अंजनीमातेचं मंदिर आणि पावलाच्या आकाराचा तलाव. लहानग्या मारुतीने सूर्याकडे झेप घेताना पाय रोवला तो इथे, असं लोक मानतात. दुसरं मंदिर आणखी वर, पुढच्या पठारावर. जाऊन-येऊन चार-पाच तास धरा.

अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केलं, साधारण साडेपाच चौरस किलोमीटरचं. कारण इथली गिधाडं आणि इथली वनस्पती. 'सेरोपेजिया अंजनेरिका' हे कंदीलपुष्पाच्या कुळातलं एक रोप याच डोंगरावर सापडलं आणि २००६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. नाव याच गडाचं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंबरोबर सप्टेंबरात गेले तेव्हा त्या पठारावर अचानक गुडघ्यावर बसल्या आणि मलाही बसवलं. "इथे नाही, तुमच्या बुटापाशी." वीतभर उंचीचं, गवतातलंच वाटणारं रोप. फुलाला खाली फुगीर पोट, वर नळी, आणि पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटून कंदिलाचा पिंजरा झालेला. या कुळातल्या फुलांत माशी आत शिरते आणि नळीतल्या उलट्या केसांमुळे अडकते. फूल मलूल होऊन केस सैलावले की ती परागकण घेऊन बाहेर पडते. मी त्या ठिकाणी आधी तीनदा चालून गेले होते. कितीदा त्यावर पाय दिला असेल, देव जाणे.

म्हणून एवढी विनंती. अंजनेरीच्या पठारावर मळलेली वाट सोडू नका, सेल्फीसाठीही नाही. फुलं तोडू नका. कड्याजवळ ओरडू नका, गिधाडं कपारीत घरटी करतात. मोठा स्पीकर घेऊन जाणारी टोळकी दिसली तर नाक्यावर सांगा, तिथली माणसं ऐकतात.

## ९. पहिल्या खेपेला जाऊ नये अशा जागा

हरिहरच्या जवळजवळ उभ्या पायऱ्यांचे व्हिडिओ बघून सगळ्यांना तिथे जायचं असतं. कातळात खोबण्या आहेत, पकड चांगली बसते, कोरड्या दिवशी धडधाकट माणूस चढतो. अडचण होते ती गर्दीची. चढणारे आणि उतरणारे त्याच पायऱ्यांवर अडकतात आणि मागे फिरायला जागा नसते. आडवारी, थंडीत, पहाटे जा. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी वनविभाग प्रवेशावर मर्यादा घालतो, आधी चौकशी करा.

जव्हार रस्त्यावरचा दुगारवाडीचा धबधबा सुंदर आहे आणि फसवा आहे. जाताना घोट्याएवढं पाणी ओलांडता, वर डोंगरात पाऊस झाला की परतताना तेच कमरेला लागतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये पर्यटक असेच अडकले आणि एकाचा जीव गेला. आकाशात काळं दिसलं तर ओढा ओलांडूच नका.

## १०. परतीच्या वाटेवर

नाशिकला परतताना पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका करटुली आणि रानभाज्या घेऊन बसतात. घासाघीस न करता घ्या. त्या भल्या पहाटे जंगलात जाऊन वेचून आणतात.

हाताशी तास असेल तर मुख्य रस्ता सोडून बेझे गावाकडे वळा. तिथे चक्रतीर्थ आहे. कुशावर्तानंतर गोदावरी पुन्हा गुप्त होते आणि इथे खडकातून वर येते, असं मानतात. इथून पुढे तिचा प्रवाह नदीसारखा दिसायला लागतो. रांग नाही, पास नाही. काठावर बसून पाय सोडायला जागा असते. सासूबाई तिथे ओंजळभर पाणी घेऊन म्हणाल्या, "काल हेच वर बोटभर होतं ना?" एसटीने गेला असाल तर रिक्षावाल्याला थांबवूनच ठेवा, आणि अंधार पडायच्या आत मुख्य रस्त्याला लागा.